मधली धोंडुबाई

तासगावात लग्न असो की जत्रा, बाळासोचा लाउडस्पीकरचा कर्णा बोलल्याशिवाय ते सुरू झालं असं कुणी मानत नसे. बोलायचा तो कर्णा. बाळासो स्वतः पक्का घुमा. असल्या माणसाने अबोला धरला तरी शेजाऱ्यांना कळायचं कसं?

पण धरला खरा, आणि तोही पोटच्या पोराशी. पप्पूने डीजे घेतला आणि बापाचे सगळे कर्णे न विचारता भंगारात घातले. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं धोंडुबाईमार्फत चाले.

"त्याला म्हणावं, जेवून जा."

"आय, आबास्नी सांग, भूक न्हाई मला."

तिघंही एकाच खोलीत, ती स्वयंपाकघराच्या दाराशी. धोंडुबाई हसून म्हणायची, "मी मेल्यावर काय करनार तुमी दोघं?"

गेल्या वर्षी ती खरंच गेली, आणि घरातलं बोलणंच संपलं.

वर्षश्राद्धाला तिच्या जावेने हट्ट धरला, धोंडुबाईची हळदीची गाणी ऐकवा. श्राद्धाला हळदीची गाणी कसली, असं कुणीही म्हणालं नाही. कॅसेट एकच, बाळासोच्या जुन्या टेपवर चालणारी. पप्पूने टेप आपल्या नव्या मिक्सरला जोडला आणि नुसती घुंई सुरू झाली. टेपची वायर दोन तारांची, मिक्सरची तीन तारांची; थेट जोडली की भांडण ठरलेलं. त्या घुंईत आईचा आवाज बुडून गेला. पप्पूने वायरी उलटसुलट करून पाहिल्या. शेवटी त्याचे डोळे भरून आले.

बाळासो उठला. फळीवरून त्याने छोटा ट्रान्सफॉर्मर काढला. एका लोखंडावर तारेची दोन वेटोळी, एकमेकांना कुठेच न शिवणारी. एकीकडे टेप जोडायचा, दुसरीकडे मिक्सर; आवाज पलीकडे जातो, घुंई अलीकडेच राहते. हे त्याने एकदा बायकोला समजावलं होतं. "म्हंजी माझ्यागतच की," ती म्हणाली होती.

घुंई थांबली. धोंडुबाई गाऊ लागली, अगदी शेजारी बसल्यासारखी. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

बाळासोने पोराकडे पाहिलं आणि त्याचा जीव तुटला. पोराच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. इतक्या वर्षांचा राग त्याला एकदम फुकाचा वाटला. आता बोलायचंच, असं त्याने ठरवलं. गाणं संपलं. त्याने घसा खाकरला, आणि सवयीने मान स्वयंपाकघराकडे वळली.

"आगं, त्याला म्हणावं, दोन घास खाऊन घे."

पप्पूही त्याच दाराकडे बघत राहिला, ती येऊन सांगेल म्हणून.