सिस्टरांचं फडकं

सिस्टरांचं घड्याळ घरी राहिलं असेल, पेन कुणी लांबवलं असेल, पण हातात फडकं नाही असं कधी व्हायचं नाही. प्रसूती विभागात म्हणूनच त्यांना फडकंवाल्या सिस्टर म्हणत. बाईंना स्वच्छतेचं वेड आहे, असं नव्या लोकांना वाटे. त्यांच्या घरच्या खिडक्या पाहिलेल्यांना मात्र तसं वाटत नसे.

एका सकाळी शिंपीणबाई पहिलटकरीण सुनेला घेऊन आल्या. कळा पहाटेपासून चालू होत्या, आणि पोटापेक्षा कंबरच जास्त दुखत होती. सिस्टरांनी पोटावरून हात फिरवला. पुढे बाळाची पाठ लागायला हवी, तिथे हातपाय लागले. डोकं खालीच होतं, पण स्वारी आईच्या पाठीला पाठ टेकून आरामखुर्चीत बसावं तशी. असं बाळही येतं. फक्त फार वेळ खातं आणि आईच्या कंबरेचा भुगा करतं. ठोके चांगले होते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी बारापर्यंत मुदत दिली. पुढे सरकलं नाही, तर ऑपरेशन. सुनेचे डोळे भरले. ऑपरेशननंतरचे थोरल्या बहिणीचे हाल तिने पाहिले होते.

सिस्टरांनी तिच्या हातात फडकं दिलं. "ओणवी हो आणि फरशी पुस. बाळ वळेलच असं नाही, पण कंबर तरी सुटेल."

नुसतं ओणवं व्हायला सांगितलं की बायका लाजतात आणि दोन मिनिटांत उठतात. फडकं दिलं की हात आपोआप चालतो, कंबर आपोआप डुलते, हे सिस्टरांना अनुभवाने कळलं होतं.

शिंपीणबाई चहा घेऊन आल्या, तर सून गुडघ्यांवर फरशी पुसत होती.

"घरात मी हिला केरसुणी धरू देत नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुमच्याकडे माणसं संपली का?"

सिस्टरांनी वाद घातला नाही. कुरकुरत्या गुडघ्यांवर स्वतःही खाली बसल्या आणि पुसता पुसता सांगू लागल्या. पहिली पाच वर्षं त्यांनीही प्रत्येक बाईला उताणंच झोपवलं होतं. मग याच विभागातली सफाईवाली मावशी बाळंतपणाला आली. तिचंही बाळ असंच पाठमोरं. ती काही केल्या आडवी होईना. कळ आली की ओणवी होऊन फरशीच पुसू लागे. बाळ वळलं आणि सुखरूप झालं. तेव्हापासून हे फडकं.

"शिक्षण माझं, अक्कल तिची," सिस्टर म्हणाल्या.

शिंपीणबाईंनी चहा खाली ठेवला आणि त्याही सुनेशेजारी बसून तिची कंबर दाबू लागल्या. आधीच लख्ख असलेल्या त्याच चार फरश्या तासभर पुसल्या गेल्या.

बाराला दहा कमी असताना सून थबकली. कंबरेतलं ओझं उतरलं, म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मान डोलावली. बाळ वळलं होतं. दीडच्या सुमारास नात जन्मली, ऑपरेशनशिवाय.

बाराव्या दिवशी शिंपीणबाई पिशवी घेऊन हजर झाल्या. आत कापसाच्या दोन जाड गाद्या होत्या, गुडघ्यांखाली घेण्यापुरत्या, दुहेरी शिलाईच्या, खोळ धुता येईल अशा.

"एक येणाऱ्या पोरींना," त्या म्हणाल्या. "दुसरी तुम्हाला. त्या दिवशी तुमच्या गुडघ्यांचा आवाज मी ऐकला, सिस्टर."

 सिस्टरांनी हातातल्या फडक्याने डोळे पुसले.