दुखवट्याच्या घरात पेढे

कमलाबाई गजभियेंना अख्ख्या अमेरिकेत एकच मैत्रीण होती, आणि एका शुक्रवारी सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात पेढा कोंबून ती घालवली. निदान त्यांची तरी तशी खात्री पटली होती, आणि कमलाबाईंची एकदा खात्री पटली की ती हलवणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमायचं नाही.

बाई मूळच्या उमरेडकडच्या एका खेड्यातल्या. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स म्हणून नोकरी केली, ती थेट पेन्शनीपर्यंत. नवरा लहूजी पोस्टात, स्वभावानं गरीब गाय. घरातलं सगळं बोलणं कमलाबाई बोलायच्या आणि लहूजी मान डोलवायचे. ते गेले तशी मान डोलवणारंही कोणी उरलं नाही. मग मुलगा अनुप आला आणि आईला मिनेसोटात, ईडन प्रेरीला घेऊन गेला.

नव्याचे नऊ दिवस झाले. उबदार घर, नळाला चोवीस तास गरम पाणी, खिडकीतून दिसणारं तळं, सगळं पाहून झालं. पण अनुप आणि सून शैलजा सकाळी कामाला गेले की उरलेला दिवस भिंतींकडे बघत काढायचा. समोरची गोरी शेजारीण गाडीतूनच हात हलवायची आणि लगेच तिच्या गॅरेजचं दार खाली यायचं. आयुष्यभर बायकांच्या किंकाळ्या आणि पोरांच्या ट्यांहांमध्ये राहिलेल्या बाईला ही शांतता खायला उठली, तर नवल काय?

त्यांना वाचवलं ते थाई लोकांच्या विहारानं. घरापासून गाडीनं थोड्या अंतरावर, मक्याच्या शेताला लागून ते होतं. आपल्याकडची मंडळी वंदनेला तिथंच जमत. पहिल्या दिवशी कमलाबाई स्वयंपाकघरात डोकावल्या, तर त्यांच्याच वयाची एक ठेंगणी बाई भल्यामोठ्या पातेल्यात भात ढवळत होती. तिला सगळे पा नोई म्हणत. पा म्हणजे त्यांच्यातली मावशी. पा नोईला मराठी येत नव्हतं, कमलाबाईंना थाई येत नव्हतं, आणि इंग्रजीच्या बाबतीत कमलाबाईंची गाडी 'थँक यू'च्या पुढे जात नव्हती. दोघींना सारखी येत होती ती फक्त पाली वंदना. कमलाबाई म्हणायच्या, "बुद्धं सरणं गच्छामि." पा नोई म्हणायची, "फुत्थंग सरणंग खच्छामि." एकमेकींचे उच्चार ऐकून दोघी पदराआड नि हाताआड हसायच्या. तेवढ्यावर दोघींचं जे गूळपीठ जमलं, ते बघून अनुपला आपल्या आईचं फार कौतुक वाटायचं.

आता त्या शुक्रवारचं. चौदा ऑक्टोबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन, आणि तोही साठावा. रविवारी विहाराच्या हॉलमध्ये मोठा कार्यक्रम ठरला होता, पण प्रत्यक्ष दिवशी तोंड गोड नको का करायला? दुधात मिल्क पावडर आटवून कमलाबाईंनी पेढे वळले, निळ्या काठांची पांढरीशुभ्र साडी नेसल्या आणि अनुपला म्हणाल्या, "ऑफिसले जाता जाता मला विहारात सोड." अनुपनं सोडलं. वाटभर तो कानात बोंडं अडकवून कुठल्याशा मीटिंगमध्ये 'येस, येस' करत होता.

आदल्या सकाळी थायलंडचे राजे गेले होते. सत्तर वर्षं गादीवर असलेले. विहारातल्या निम्म्या लोकांनी जन्मापासून दुसरा राजा पाहिला नव्हता. अनुपनं ही बातमी फोनवर वाचली होती. वाचली आणि अंगठ्यानं वर सरकवली. आईला सांगावं, असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. शिकलेल्या पोरांना जगाची खबर असते, घराची नसते.

फाटकाला काळं-पांढरं कापड बांधलेलं होतं. कमलाबाईंना वाटलं, आपल्या कार्यक्रमाची सजावट सुरू झाली! आत चष्मा घातलेल्या एका गृहस्थाचा मोठा फोटो फुलांत ठेवलेला होता. हा फोटो त्या दोन वर्षं भिंतीवर बघत होत्या, आणि विहाराला जागा देणारा कोणी देणगीदार असावा, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यांची पांढरी साडी पाहून दोन बायकांनी खाली वाकून हात जोडले. एकीनं तर त्यांचा हात धरून ठेवला. किती मान देतात बाई आज, असं म्हणत कमलाबाई हसतमुखानं थेट स्वयंपाकघरात गेल्या, डबा उघडला आणि पाठमोऱ्या पा नोईला वळवून तिच्या तोंडात अख्खा पेढा घातला. "घे बाई, आज आनंदाचा दिवस!"

पा नोईचे डोळे सुजून बंद व्हायला आले होते. तोंडात पेढा तसाच, आणि तिनं हंबरडा फोडला. ती धडपडत मागच्या दारानं निघून गेली. एक तरुण बाई पुढे झाली आणि तिनं डब्याचं झाकण लावलं. त्या झाकणाच्या आवाजानं कमलाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मग कोणीतरी फोटोकडे बोट दाखवलं, फोनवर बातमी दाखवली, आणि मुकुटातला तोच चष्मेवाला पाहून त्यांना काय ते कळलं.

"काहून नाही सांगितलंस?" संध्याकाळी त्यांनी अनुपला फैलावर घेतलं.

"अगं आई, मला काय माहीत तू डायरेक्ट पेढे वाटत सुटशील! आणि इट्स ओके, त्यांना कळेल ना, तुला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं म्हणे," कमलाबाई पुटपुटल्या आणि ताटावरून उठल्या.

कारण हे 'माहीत नव्हतं' त्यांना फार जुनं ओळखीचं होतं. बाबासाहेब गेले तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. दीक्षेला बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला गेल्या होत्या, आणि दोन महिने होतात न होतात तोच वस्तीवर बातमी आली. बाप्ये भिंतीवर डोकं आपटून रडत होते. कुठल्याच घरी चूल पेटली नव्हती. कमलाची आई मालगुजाराच्या वाड्यावर शेणगोठ्याचं काम करायची. आज येणार नाही एवढं सांगायला ती गेली, तर मालकीणबाईंनी वरून, हात न लागेल अशा बेतानं, तिच्या पदरात दोन पेढे टाकले. "नातवाचं बारसं आहे. तोंड गोड कर."

आई घरी आली. पेढे कोणालाही न देता तिनं नाल्यात फेकले. कमलानं तोवर पेढा चाखलासुद्धा नव्हता. त्या दिवशी ती रडली, त्यातलं बाबांसाठी किती आणि पेढ्यांसाठी किती, हे तिलाच सांगता आलं नसतं. पण त्या मालकीणबाईला तिनं कधी माफ केलं नाही. पुढे नर्स झाल्यावर कोणी म्हणालं, अगं, त्यांना ठाऊक नसेल, तर कमलाबाई फाडकन म्हणाल्या होत्या, "नाल्याच्या पलीकडे सारी वस्ती ऊर बडवत होती. ठाऊक नव्हतं, की ठाऊक करून घ्यायचं नव्हतं?"

आणि आता ईडन प्रेरीत, मऊ गादीवर बसून, त्यांना स्वतःचेच शब्द ऐकू येत होते. फाटकावर काळं कापड दिसत नव्हतं? बायकांचे सुजलेले डोळे दिसत नव्हते? मी साठ वर्षं विसरले नाही, मग नोई कशी विसरेल? गेलेल्या राजाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. बाई संविधानवाली, राजेबिजे त्यांच्या लेखी गोष्टीतले. पण नोई गेली तर या देशात आपल्याला आपलं म्हणणारं कोण राहिलं? शेजारणीचं गॅरेज?

शनिवारी अनुपच्या फोनवर मंडळींचा ग्रुप तापला होता. एक म्हणाला, आपण प्रजासत्ताकवाले, राजासाठी आपला कार्यक्रम कॅन्सल का करायचा? दुसऱ्यानं सुनावलं, हॉल त्यांचा, दुःख त्यांचं, चार दिवस गप्प बसा. एक जण मध्येच विचारत होता, मग केटरिंगच्या ॲडव्हान्सचं काय? शेवटी कार्यक्रम पुढे ढकलला. अनुप म्हणाला, "आई, या रविवारी तू जाऊच नको. ऑकवर्ड होईल, यार. दोन-तीन वीक जाऊ दे."

"दोन-तीन आठवड्यांत राग वाळतो का रे? मुरतो," कमलाबाई म्हणाल्या. "मला सोडणार नसशील तर मी चालत जाईन."

मधे सहा पदरी हायवे होता. त्या खरंच निघतील हे ओळखून शैलजानं गाडीची किल्ली उचलली.

गाडीत कमलाबाई तोंडातल्या तोंडात 'आय ॲम सॉरी' घोटत होत्या. वॉर्डात किती जणींना त्यांनी नको ती बातमी सांगितली होती, किती जणींना सावरलं होतं. पण ते सगळं मराठीत. इंग्रजीतलं 'सॉरी' त्यांना फार पातळ वाटत होतं. बसमध्ये पायावर पाय पडला तरी लोक हेच म्हणतात ना? विहाराचं वळण आलं तशा त्या सुनेकडे वळल्या. "शैलजा, तिनं तोंड फिरवलं तर आपण लगेच परत येऊ. तिला त्रास नको."

"नाही हो फिरवणार, आई."

"तुला काय ठाऊक!" त्या खेकसल्या, आणि लगेच त्यांना सुनेवर खेकसल्याचंही वाईट वाटलं.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे काळ्या कपड्यांत. फोटोसमोर म्हातारे गुडघ्यांवर बसलेले, कॉलेजची पोरं भिंतीशी उभी. मक्याच्या शेताचा गोरा मालकसुद्धा काळा टाय लावून, टोपी हातात घेऊन अवघडल्यासारखा कोपऱ्यात उभा होता. भन्तेंचं पठण चाललं होतं. कमलाबाई आधी स्वयंपाकघरात गेल्या. पातेलं तिसरीच कोणी ढवळत होती. दोन वर्षांत ते पातेलं त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती पाहिलं नव्हतं.

पा नोई मागच्या भिंतीशी चटईवर एकटी बसली होती. चेहरा पार उतरलेला, केस विस्कटलेले. कमलाबाई चटईच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. चटईवर पाऊल टाकायचा धीर होईना. पाठ केलेलं 'सॉरी' ऐन वेळी जिभेवरून पळालं.

"सांग तिला," त्या शैलजाला म्हणाल्या, "त्या पेढ्याचं. म्हणावं, मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायला हवं होतं, हेही सांग."

शैलजा खाली वाकून हळू आवाजात इंग्रजीत बोलली. पा नोईच्या कपाळावर आठ्या पडल्या. ती हॉटेलात काम करता करता शिकलेल्या मोडक्या इंग्रजीत काहीतरी म्हणाली.

"ती म्हणतेय, कुठला पेढा? शुक्रवारचं तिला काहीच आठवत नाही. कोण आलं, कोण गेलं, काय खाल्लं, काहीच नाही."

कमलाबाईंना खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण तीन दिवस जे ओझं छातीवर घेऊन फिरलो, ते समोरच्याच्या गावीही नाही म्हटल्यावर त्यांना एकदम पोरकं वाटलं. आणि मग त्यांना पा नोईकडे नीट बघता आलं. शुक्रवारपासून पहिल्यांदाच त्या स्वतःची नव्हे, तिची काळजी करू लागल्या. बाईनं तीन दिवस काही खाल्लेलं दिसत नव्हतं.

"तिला सांग, मला कळतं. आमचे बाबा गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते."

शैलजानं सांगितलं. पा नोईनं कमलाबाईंच्या गळ्यातल्या लॉकेटमधल्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बोट केलं. शैलजाला त्या दुखवट्यातही हसू आवरेना.

"ती विचारतेय, हेच ना ते? तिला इतके दिवस वाटायचं, हे तुमचे मिस्टर."

"अगं बाई!" कमलाबाईंनी तोंडावर पदर घेतला. पा नोईच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला. मग ती गंभीर झाली आणि आणखी काहीतरी विचारलं, या वेळी सावकाश, शब्द जुळवत.

"ती विचारतेय," शैलजा म्हणाली, "ते गेले तेव्हा तुमच्या घरी बसायला कोण कोण आलं होतं?"

कमलाबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्या थांबल्या. वस्तीत घरोघरी तेच मरण होतं. कोणी कोणाकडे बसायला जायचं? आणि नाल्यापलीकडून? पाटील, मास्तर, दुकानदार, मालगुजार, ज्यांच्या घरी वस्तीतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या राबल्या, त्यांच्यातलं एक माणूस?

"कोणी नाही," त्या म्हणाल्या.

शैलजा घुटमळली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंच्या तोंडून हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. "आई, असं कसं सांगू तिला?"

"जसं आहे तसं सांग. गावातलं कोणीच आलं नाही. म्हणून मी आली, म्हणावं."

शैलजानं ते इंग्रजीत सांगितलं. शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फुटला आणि तिला ते पुन्हा म्हणावं लागलं. पा नोईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती चटईवर थोडी बाजूला सरकली. कमलाबाईंचे गुडघे दुखत होते. भिंतीला हात टेकून त्या सावकाश तिच्याशेजारी बसल्या.