‘परवा’ नावाचं फोल्डर

चारुदत्त काम करताना दिसत नाही, ही माझी त्याच्याबद्दलची पहिली तक्रार.

मी तळोज्याच्या एका कारखान्यात फिटर होतो. तिथे काम करणारा माणूस लांबून ओळखू यायचा. हात काळे, पाठ ओली. चारुदत्त नवीन पनवेलला आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. उभा जन्म त्याने प्रोग्रॅम लिहिण्यात घालवला. आणि काम जोरात असतं तेव्हा हा हाताची घडी घालून खुर्चीत बसलेला असतो. त्याची बायको शशिकला म्हणते, “ते विचार करतायत की झोपलेत, हे मलासुद्धा चहा नेऊन ठेवल्यावरच कळतं.”

आधी तो मुंबईच्या कंपनीत होता. ती बंद पडल्यावर त्याने इथल्याच लहान धंदेवाल्यांची कामं धरली. कुणाचा वजनकाटा, कुणाची रक्त तपासायची लॅब, कुणाचा बर्फाचा कारखाना. एका डोळ्याने त्याला कमी दिसतं, म्हणून गाडी चालवत नाही. मी रिकामा असतो, स्कूटर माझी आहे. त्यामुळे त्याचं काम मी पुष्कळ पाहिलं आहे. पाहिलं म्हणजे वाट बघत बसलो आहे.

पळस्प्याला कल्पेश नावाच्या माणसाचा वजनकाटा आहे. त्याने एकदा फोन केला, “तुमचं सॉफ्टवेअर बंद पडलं.” आम्ही भर उन्हात गेलो. चारुदत्तने मशीनला हातही लावला नाही. कल्पेशला म्हणाला, “बंद पडलं म्हणजे काय? करून दाखव.”

“अहो, चालत नाही!”

“काय चालत नाही? तू काय दाबलंस, त्याने काय केलं, तुला काय हवं होतं. या तीनच गोष्टी सांग.”

“मी काहीच केलं नाही.”

“मग त्यानेही काही केलं नसेल.”

असा अर्धा तास गेला. बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. मी वैतागून म्हणालो, “साहेब, एकदा बंद करून चालू तरी करा.” तो माझ्यावरच उखडला. “मिस्त्री, बंद केलं की पुरावा गेला. आज चालेल, सोमवारी परत बंद पडेल, आणि सोमवारी पण तुम्हालाच स्कूटर काढावी लागेल.” शेवटी कल्पेशने करून दाखवलं. प्रिंटर हळू होता म्हणून तो बटण दोन-तीनदा दाबत होता. छपाई संपेपर्यंत बटण पुन्हा दाबलेलं मोजू नये म्हणून चारुदत्तने घरी येऊन एक ओळ लिहिली. एक ओळ! आणि ती का लिहिली हे सांगणाऱ्या चार ओळी तिच्या वर लिहिल्या. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, “सहा महिन्यांनी मीच ही ओळ वाचीन आणि कुठल्या गाढवाने लिहिली म्हणून काढून टाकीन.”

तर असा हा माणूस. गेल्या उन्हाळ्यात माझ्यामुळे तो भामाच्या घरी गेला.

भामा म्हणजे काशीरामची बायको. काशीराम कारखान्यात माझ्या पाळीत होता, आता हयात नाही. त्यांचं गाव पळस्प्याच्या पुढे. आगरी लोक. भामाची सासू हौसाबाई त्या भागातली जुनी धवलारीण. लग्नात धवले गाणारी, आणि कुठला विधी कशानंतर ते सांगणारी. मांडव असो, घाणा असो, हळद असो, तिने गायल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नसे. दिवाळीनंतर तिच्या अंगावरून वारं गेलं. ऐकू येतं, कळतं, बोलता येत नाही. पुढच्या आठवड्यात गावात लग्न होतं आणि तिच्या जागी भामा पहिल्यांदा गाणार होती. सासूच्या जुन्या कॅसेटी होत्या, त्या मुलाने, प्रणितने, कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या. त्या ऐकून ती शिकत होती.

तिचा सकाळी फोन आला. “भावजी, आईचे धवले गेले.”

“गेले म्हणजे?”

“मीच उडवले. तुमच्या बिल्डिंगीत कॉम्प्युटरचे सायेब हायेत ना, त्यांना घेऊन या.”

मी चारुदत्तला सांगितलं. नेहमी चप्पल शोधायला दहा मिनिटं लावणारा माणूस लगेच उठला. “त्यांना सांगा, मशीनची पिन भिंतीतून ओढा. बंद-बिंद करत बसू नका, सरळ ओढा. आणि मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.”

मला वाटलं, हा घाई करतोय म्हणजे काहीतरी खरंच वाईट आहे.

पोचलो. घर आता तीनमजली आहे. हौसाबाई खालच्या खोलीत खाटेवर. प्रणित नोकरी बेलापूरला करतो आणि सुट्टीच्या दिवशी हळदीचे व्हिडिओ काढतो. त्या दिवशी तो घरीच होता. चारुदत्तने पहिला प्रश्न विचारला, “मूळ कॅसेटी कुठे आहेत?”

“सर, त्यांना बुरशी आलेली. घर बांधताना भंगारात दिल्या. कॉम्प्युटरवर होतं ना सगळं.”

“दुसरी कॉपी?”

“होती. त्याच कॉम्प्युटरवर, दुसऱ्या ड्राइव्हला. जागा लागली म्हणून मागे काढली.”

चारुदत्तने चष्मा काढून पुसला. “एकाच पेटीत दोन कप्पे केले म्हणून दोन पेट्या होत नाहीत. बरं. झालं काय ते सांगा. सुरुवातीपासून.”

भामाने सांगितलं. प्रणितने ऑफिसातून फोन केला होता, जागा संपली, परवाचं फोल्डर उडव. स्क्रीनवर दोन फोल्डरं होती. एकाचं नाव ‘परवा’, दुसऱ्याचं ‘परवाचं’. तिने ‘परवा’ उडवलं.

“ही कसली नावं?” मी म्हणालो.

प्रणित खाली बघत म्हणाला, “काका, गाणी चढवली तेव्हा आदल्या दोन दिवसांत चढवली होती, म्हणून घाईत ‘परवा’ नाव दिलं. परवा चढवलेली.”

“केव्हा चढवलीस?”

“गेल्या वर्षी.”

“म्हणजे वर्षभर ते परवाच होतं!”

“आणि दुसरं?” चारुदत्तने विचारलं.

“ते एका पार्टीला परवा द्यायचं होतं. म्हणजे उद्याच्या नंतर. त्यांनी ऑर्डर कॅन्सल केली, म्हणून आईला म्हटलं परवाचं उडव.”

भामा उसळली. “मी काय समजू? परवा म्हंजे मागचा का पुढचा? मी तुला फोनवर वाचून दाखवला का नाय? त्यान लिवला होता, मोठा हाय, कायमचा जाईल. तू काय बोललास?”

प्रणितने मोबाइल काढला.

“बोल ना आता! ‘आई, हो म्हण, हो म्हण, मीटिंग हाय.’ म्हटला हो!”

“अगं आई, असे मेसेज सारखे येतात. कोण वाचतं?”

चारुदत्त म्हणाला, “तुमच्या आईने वाचला. तुम्ही ऐकला नाहीत.” मग शांतपणे विचारलं, “हे केव्हा घडलं?”

“मंगळवारी.”

आज शुक्रवार होता. “आणि मधल्या दिवसांत?”

प्रणितला वाटलं आता शाबासकी मिळेल. “सर, मी बसून नाही राहिलो. गेलेल्या फायली परत आणणारी सॉफ्टवेअरं उतरवून घेतली. तीन टाकून बघितली. नाय जमलं.”

“कुठे टाकलीत?”

“ह्याच मशीनवर.”

“अजून काय केलंत?”

“बाकी नेहमीचं. रविवारच्या हळदीसाठी डीजेची गाणी उतरवली, व्हिडिओ जोडले. कामं थांबतात का सर?”

चारुदत्तने भामाला समजावलं, हळू आवाजात. “वहिनी, फोल्डर उडवलं की आतलं लगेच पुसलं जात नाही. फक्त ही जागा मोकळी आहे अशी पाटी लागते. तुमची डिस्क जुनी, फिरती आहे, म्हणून तो माल तसाच पडून राहिला असणार. पण त्यानंतर जे जे नवीन आणलं ते त्या मोकळ्या जागेत बसलं. गाण्यांच्या डोक्यावर बसलं.”

“म्हंजे मी उडवला त्याने गेला नाय?”

“नाही. नंतर गेलं. जेवढं गेलं असेल तेवढं.”

भामा प्रणितकडे बघत राहिली. तो पंखा वाढवायला उठला.

चारुदत्तने कॉम्प्युटरचा डबा उघडून डिस्क काढली, आपल्या पिशवीतल्या छोट्या यंत्राला लावली, आणि तिच्यावरून दुसऱ्या कोऱ्या डिस्कवर सगळं जसंच्या तसं उतरवायला लावलं. मोकळी म्हणून दाखवते ती जागासुद्धा. मग हाताची घडी घालून बसला.

मी म्हणालो, “साहेब, शोधायला तरी लागा.”

“मूळ डिस्कवर शोधायचं नाही. चुकलो तर कॉपीवर चुकेन.”

“किती वेळ?”

“होईल तेव्हा.”

दुपार गेली. जेवण झालं, भाकरी आणि सुकट. प्रणित मधे मधे यायचा आणि म्हणायचा, “सर, हे केलं तर? ते केलं तर?” चारुदत्त प्रत्येकाला एकच सांगायचा, एका वेळी एक. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चाललं, तर कशाने चाललं कळत नाही. न चाललं, तरी कळत नाही. चौथ्यांदा प्रणितने विचारलं तेव्हा मीच म्हणालो, “बाबा, तू दुधाची पिशवी घेऊन ये.” घरात म्हैस आहे हे मला माहीत होतं. तो गेलासुद्धा.

संध्याकाळपर्यंत काही मिळालं. नावं नव्हती, नुसते आकडे. पहिलं लावलं. घरघर झाली आणि हौसाबाईचा आवाज आला, खणखणीत, तरुण. खाटेवर म्हातारीने मान वळवली. भामाने पदर तोंडाला लावला. घरातले सगळे दारात येऊन उभे राहिले. दुसरं लागलं, तिसरं लागलं. चौथ्यात हौसाबाई दोन ओळी गायली आणि मधूनच धाडकन डीजेचा ढोल सुरू झाला. कुणीतरी हसलं. मग कळलं की हसण्यासारखं नाही.

“हीच ती डोक्यावर बसलेली गाणी,” चारुदत्त म्हणाला. “यात आता खाली काही नाही.”

त्याने शनिवारी दिवसभर, रविवारी दुपारपर्यंत चाळलं. पुष्कळ मिळालं. भामा ऐकून सांगायची हा घाण्याचा, हा मांडवाचा, आणि तो प्रत्येकाला विधीचं नाव, गाणारीचं नाव, गावाचं नाव द्यायचा. प्रणित म्हणाला, “सर, एवढं लांबलचक?” चारुदत्त पुढचं नाव लिहीत राहिला. एक धवला मात्र नव्हता. हळद उतरवतानाचा. त्याच्या जागी सगळा डीजे.

“परत बघा ना सायेब.”

“वहिनी, बघितलं. तो नाही. आहे असं सांगून तुम्हाला ताटकळत ठेवणार नाही.”

मला राग आला. सांत्वनाचा एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं? पण भामाने पदर खोचला आणि सासूच्या खाटेशी जाऊन बसली. “आई, मी म्हणताव. चुकला तर सांगा.”

ती गाऊ लागली. चुकली की हौसाबाई चांगल्या हाताने खाटेच्या लाकडावर थाप मारायची. भामा थांबायची, दुसरा शब्द घालायची. थाप. तिसरा घालायची. थाप नाही, मग पुढे. असं कष्टाचं काम मी कारखान्यातही कमी पाहिलं आहे. चारुदत्तने सगळं रेकॉर्ड केलं आणि तिथेच दोन ठिकाणी उतरवलं. त्यातली एक, डबीएवढी डिस्क, त्याने माझ्या खिशात घातली. “घरी न्या. आणि ऐकून बघा. न ऐकलेली कॉपी म्हणजे कॉपी नव्हे.”

शेवटाकडची एक ओळ काही केल्या बसेना. भामा शब्द बदलते, थाप. पुन्हा बदलते, थाप. अखेर म्हातारी थकली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

लग्नाला आम्ही दोघे गेलो. हळद उतरवताना भामा गायली, न अडखळता, त्या ओळीपर्यंत. तिथे ती थांबली. मग नवऱ्याकडच्या एका म्हातारीने बसल्या जागेवरून ओळ उचलली आणि धवला पुढे गेला. मागे बायका कुजबुजल्या, “ही त्यांच्या गावची चाल.” “आपल्यात असा नाय म्हणत.” “मग तूच सांग ना, तुला येतंय तर!” सांगणारी कुणी नव्हती.

चारुदत्तने तेही रेकॉर्ड केलं होतं. दुसऱ्या दिवशी हौसाबाईला ऐकवलं. ती ओळ आली आणि म्हातारीने इतक्या जोरात थाप मारली की खाटेखालचा तांब्या आडवा झाला.

“नाय ना?” भामा म्हणाली. “मनापण वाटला नाय.” मग चारुदत्तला विचारलं, “आता?”

“तुमच्या सासूबरोबर गाणाऱ्या कोण होत्या?”

भामाने आठवून गावं सांगितली. दोन उरणच्या वाटेवर, एक डोंगराच्या अंगाला. त्या बायका आहेत का, असल्या तर त्यांना आठवतं का, कुणालाच ठाऊक नव्हतं. चारुदत्तने पिशवी खांद्याला लावली.

“सगळीकडे एकदम फोन करत सुटायचं नाही,” तो मला म्हणाला. “एकीला विचारू. ऐकून परत येऊ, इथे वाजवू. थाप पडली तर दुसरी.”

“म्हणजे प्रत्येक वेळी जा आणि परत या?”

“हो.”

डोक्यावर ऊन तापलं होतं. मी प्रणितला पेट्रोल भरून आणायला पाठवलं, आणि कुठल्या पंपावरचं, कुठल्या स्कूटरमध्ये, हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.