कणगी भरलीय

आमच्या घरात गांधीलमाशीला कणगी म्हणतात. बायको शर्ट हातात देताना म्हणते, "कणगी बघून घाला," आणि बसलेला पाहुणा ज्वारीची कणगी कुठं दिसते का म्हणून घरभर नजर फिरवतो. भालकीतल्या आमच्या गल्लीतही या शब्दाचा हा अर्थ कुणाला ठाऊक नाही. तो आमच्यापुरताच आहे आणि तो माझ्या आईच्या चुकीतून जन्मला.

बायको गुलबर्ग्याकडची, माहेरची बोली कानडी. लग्न होऊन भालकीजवळच्या मेहकरला आमच्या घरी आली तेव्हा मराठी समजायची तिला, पण घाबरली की तोंडातून कानडीच बाहेर पडायची. एका सकाळी ती धान्याच्या खोलीतून ओरडत आली, "कणज! कणज!" कानडीत कणज म्हणजे गांधीलमाशी. पण कानडीत धान्याच्या कणगीलाही कणजच म्हणतात, आणि आईची कानडी बाजारात शिकलेली, त्यामुळं तिला हा दुसराच अर्थ तेवढा माहीत. नवी सून आपली कणगी बघून हरखली, असं आईला वाटलं.

"व्हय गं माय, भरलीय की!" असं म्हणत तिनं सुनेला हाताला धरून परत आत नेलं. सून "ब्याडरी अत्ती, ब्याडरी" म्हणजे नको सासूबाई, नको म्हणत मागं ओढतेय आणि आई म्हणतेय, "लाजायलीस कामून? तुझ्याच घरची हाय." मग तिनं मोठ्या कौतुकानं कणगीवरचं झाकण उचललं. पोळं झाकणालाच आतून लटकलेलं होतं.

आईचा हात पुढं कितीतरी दिवस भाकरी थापण्याच्या कामाचा राहिला नाही. सुनेच्या हाती चूल गेली ती अशी. गावात कुणी सुजलेल्या हाताबद्दल विचारलं की आई सांगायची, "सुनेनं कणगी दावली मला." आणि आमच्याकडं गांधीलमाशीचं बारसं झालं.

पुढं मी भालकीत विज्ञानाचा मास्तर झालो, घर बांधलं, मागं थोडी बाग केली, आणि कणगी आमच्यासोबत आली. मागच्या पत्र्याखाली पोळं, लिंबाच्या झाडात पोळं, मीटरच्या पेटीत पोळं. लिंबू तोडायचं तर आधी काठीनं फांदी हलवून परवानगी घ्यायची. दोरीवरचा कपडा झटकल्याशिवाय अंगात घालायचा नाही. एकदा मी घाईत हा नियम मोडला आणि त्या दिवशी वर्गात फळ्याकडं तोंड करून, न बसता, सगळे तास घेतले. मुलांना वाटलं, सर आज फार तळमळीनं शिकवतायत.

निवृत्त झाल्यावर माणसाला बघायला वेळ मिळतो. मी बघायला लागलो, आणि माझ्या लक्षात आलं की गांधीलमाश्या कमी झाल्या आहेत. मास्तर असल्यामुळं लक्षात आलेली गोष्ट पोटात ठेवता येत नाही. मी गल्लीत भाषणं सुरू केली. उसावरच्या आणि तुरीवरच्या फवारण्या, जिकडंतिकडं सिमेंट, पावसाचा बिघडलेला ताल. लोक ऐकून घ्यायचे. माशी चावत नाही याचं दुःख करणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

बायको मात्र ऐकून घेत नव्हती.

"कमी झाल्या न्हाईत. तुमाला दिसंना झालंय."

हे म्हणायला तिला जागा होती, ते मान्य करतो. संध्याकाळी फाटकाजवळ कुणी उभं दिसलं म्हणून मी अदबीनं "या अण्णा, आत या" म्हणालो, तर ती शेजाऱ्यांनी कुंपणावर वाळत टाकलेली घोंगडी होती. तेवढं हसण्यावारी गेलं. पण साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली उभी होती, मागं दिवा नाही, आणि माझी स्कूटर तिच्यापासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली. बायको मागं बसली होती. ती खाली उतरली, पदर नीट केला आणि चालत घरी आली. त्यानंतर ती माझ्या मागं बसली नाही. बाजाराला ऑटोनं जायला लागली आणि मी स्कूटर काढली की परत येईपर्यंत फाटकात उभी राहायला लागली.

मोतीबिंदू आहे हे मला कळत होतं. पण एकदा दवाखान्यात गेलो की मुलगी पुण्याहून फोन करणार, "बाबा, आता स्कूटर विका." आणि स्कूटर गेली की मी कट्ट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एक. म्हणून मी डोळ्यांचा विषय निघाला की गांधीलमाश्यांवर यायचो.

एक दिवस बायकोनं मला तिथंच पकडलं. हाताला धरून मागच्या दारी नेलं आणि पत्र्याकडं बोट केलं. "त्ये बघा. भाकरीएवढं पोळं हाय. कणगी भरलीय की! गजबज चाललीय नुसती."

मी मान वर केली. पत्र्याखाली काहीतरी काळसर होतं. पोळं असेल, गंज असेल, सावली असेल. आता काय म्हणायचं? "काहीच नाही" म्हणावं तर आंधळा ठरतो. "हो, दिसतंय" म्हणावं तर इतके दिवस गल्लीत ठोकलेली भाषणं पाण्यात. मी घसा साफ केला.

"उदगीरला चला," ती म्हणाली. "डोळं करून घ्या, मग बघा. कणगी रिकामी निघाली तर मी गल्लीत उभी राहून सांगते, मास्तरांचं बरोबर हुतं म्हणून. आन् भरलेली निघाली तर स्कूटर इकायची."

नवऱ्याचं बरोबर होतं असं बायको गल्लीत उभी राहून सांगणार, हे आमिष फार मोठं होतं. मी उदगीरच्या बसमध्ये बसलो.

शस्त्रक्रियेचं सांगण्यासारखं काही नाही. घरी आल्यावर काळा चष्मा लावून बसवलं, वाकू देईनात, डोक्यावरून पाणी घेऊ देईनात. बायको वेळेवर थेंब घालायची आणि प्रत्येक वेळी मागच्या दारची खबर द्यायची. "आज तर लईच हायत. बघाल तवा कळंल." मी आतून तयारीला लागलो होतो. स्कूटर कुणाला विकायची, किती वेळ रडायचं, सगळं ठरवत होतो. आणि खरं सांगायचं तर, हरायला माझी फारशी हरकत उरली नव्हती. काळ्या चष्म्याआड बसून ऐकताना पत्र्याखालची ती गजबज मला दिसायला लागली होती. बरं वाटायचं.

चष्मा उतरला त्या सकाळी मी आधी मागच्या दारी गेलो. कढीपत्त्याचं पान न् पान वेगळं दिसत होतं. पत्र्यावरचे खिळे मोजता आले असते. पत्र्याखालचं ते काळसर म्हणजे एक जुनं पोळं होतं, राखेच्या रंगाचं, कडेनं फाटलेलं, आणि त्याच्या घरांमधून पलीकडचा उजेड दिसत होता. लिंबाच्या झाडात काही नव्हतं. मीटरच्या पेटीत कोळ्याचं जाळं होतं. मी खुर्ची आणून बसलो, म्हटलं ऊन चढू दे. ऊन चढलं. नळाच्या तोटीवर एक गांधीलमाशी आली, पाणी प्याली आणि भिंतीवरून निघून गेली.

मी जिंकलो होतो. नव्या डोळ्यांनी, पुराव्यानिशी.

बायको दोरीवरचे कपडे काढायला आली. माझं तोंड बघून तिला समजलं.

"तू तर म्हणालीस, भरलीय," मी म्हणालो.

"म्हणले की. त्याबिगर तुमी उदगीरला आला असता व्हय?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"माहीत नसायला काय झालं? रोज कपडे वाळू घालायला मीच येते न्हवं हितं. लई दिवस झाले, एक निघंना कपड्यातून." तिनं दोरीवरचा टॉवेल खांद्यावर टाकला. "तुमचं बरोबर हुतं. सांगू गल्लीत?"

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य ऐकण्यासाठी मी काय काय केलं होतं! आज ते समोरून चालत आलं आणि मला ते नको होतं. हिचं खोटं खरं निघालं असतं तर मी स्कूटर हसत विकली असती. झाकणाखालून आईच्या हातावर तुटून पडलेल्या त्या माश्या आठवल्या.

"गल्लीत नको," मी म्हणालो. "मलाच सांग. पण ते नको, पहिलंच सांग."

"पहिलं कोणतं?"

"कणगीचं."

तिनं दोरीवरून माझा शर्ट ओढला आणि दोन्ही हातांनी खाडकन झटकला, मेहकरच्या घरापासून झटकत आली तसाच. त्यातून काहीच पडलं नाही.

"कणगी भरलीय की," ती म्हणाली. "बघून घाला."