हुंगलेले हात

आमची एदुविहेस मावशी विकतचं अंडंसुद्धा उजेडासमोर धरून पाहिल्याशिवाय घेत नाही. नवरा गेला तेव्हा डॉक्टरवर विश्वास नव्हता म्हणून तिनं त्याच्या नाकाशी आरसा धरला होता. अशा बाईच्या नातीला गहू वर्ज्य झाला. तोही आमच्या सोनोरा प्रांतात, जिथे गव्हाच्या पोळीशिवाय कुणाला घास उतरत नाही!

या नातीचे, सुलेमाचे आईबाप सीमेपलीकडे कामाला, त्यामुळे पोर मावशीपाशीच. गव्हानं हिचं आतडं सोलवटतं, असं एर्मोसियो शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तशी मावशीनं घरातलं पीठ वाटून टाकलं, तवासुद्धा नवा आणला. पोरीला मक्याच्या भाकऱ्या, भात आणि चीज, बस्स. तरी वर्षभरानंतरही तिचं पोट दुखायचं थांबेना.

"कुणीतरी हिला चोरून पोळी चारतंय," मावशी मला म्हणाली.

"कोण चारेल गं?"

"तूसुद्धा चारशील. तुझा काय भरवसा!"

सुलेमा बाहेरून आली की मावशी दारातच तिचे हात हुंगायची. मग तोंड. मग खिसे. एकदा हाताला भाजक्या पोळीचा वास आला, आणि मावशीच्या मनात पाल चुकचुकली. शेजारची त्रिनी! सुलेमाला बाप्तिस्म्याला मांडीवर घेतलेली तिची धर्ममाता, मावशीची जन्माची मैत्रीण. ती पोळ्या विकायची, आणि पोर तिच्या तव्यापाशी खेळायची.

"कुणी दिली पोळी? सांग. कुणी दिली?" मावशीनं तिला ताटावरून उठू दिलं नाही. शेवटी पोर रडत म्हणाली, "त्रिनीनं."

झालं! मावशीनं गिऱ्हाइकांसमोर त्रिनीचे वाभाडे काढले. "एदुविहेस, पोरीच्या शपथेवर सांगते, मी नाही दिली गं," त्रिनी म्हणत राहिली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. मलाही त्रिनीचा संशय आला होता, खोटं कशाला बोलू?

पुढच्या तपासणीला मी सोबत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त स्वच्छ आहे, आजी. हिच्या पोटात गहू जात असल्याची काहीच खूण नाही. उत्तम सांभाळलंत." मग पोरीचं पोट दाबून विचारलं, "शौचाला रोज होतं का?"

सुलेमानं मान हलवली. नाही. नुसता मका, भात आणि चीज. भाजी नाही, फळ नाही. पोट कडक झालं होतं. मावशीनं अख्खी गल्ली हुंगली, पण पोरीला हे कधी विचारलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मावशी हळूच म्हणाली, "मग त्रिनीचं नाव का घेतलंस गं?"

"तू 'कुणी दिली' विचारत होतीस, आजी. 'कुणीच नाही' म्हटलं की पुन्हा विचारायचीस."

घरी आल्यावर मावशी आत न जाता त्रिनीच्या फाटकाशी थांबली. आत तव्याचा धूर होता. एकटीनं जायचं तिला धाडस होईना. तिनं सुलेमापुढे हात केला, धरून चालायला.

सुलेमानं दोन्ही तळवे आजीच्या नाकाशी नेले.