मनालीची पॉलिसी

दापोड्यात आक्का म्हात्रेंचं गोदाम होतं आणि तिथले कॉम्प्युटर मनाली सांभाळायची. टेमघरची पोरगी, नुकतीच सर्व्हरचा कोर्स करून आलेली. ऑफिसात हितेश, जोहा, कुणाचाही माउस अडकला तरी हाक तिलाच. दोन हजार सहाच्या सुमारास आक्कांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"हितेशनं पडद्यावर नटीचा फोटो लावलाय. जोहा पत्ते खेलते. गेटावर ट्रक ताटकळतान! सगलं बंद कर. ट्रकांच्या चलनाच्या प्रोग्रामशिवाय काय उघडलं न्हाय पायजे."

"मुख्य कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, एकदा बंदीची पॉलिसी लावली की सगळ्यांना लागू होईल, आक्का."

"मंग लाव!"

दुसऱ्या सकाळी सगळे पडदे एकसारखे निळे झाले. नटी गेली, पत्ते गेले. "माउसचं उजवं बटणच मेलं!" हितेश ओरडला. मनाली ऐटीत चहा पीत होती.

दुपारी बँकेला तातडीनं पत्र पाठवायचं निघालं. वर्ड उघडेना. "आत्ता सोडवते," म्हणत मनाली सर्व्हरवर बसली. पॉलिसीचा प्रोग्राम उघडायला गेली, तर समोर पाटी आली: 'निर्बंधांमुळे हे काम करता येत नाही. सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.'

सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर तीच होती. 'सगळ्यांना' म्हणताना स्वतःला वगळायचं राहून गेलं होतं.

"मग साध की संपर्क," मागून हितेश म्हणाला.

तिनं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, पाटी तीच. शेवटी कबुली द्यायला ती केबिनमध्ये शिरली. आक्का पडद्यात गुंग होत्या. काळ्या राजावर लाल राणी अलगद बसली.

"आक्का! पत्ते कसे उघडले?"

"पत्ते न्हाय, चलन हाय त्ये." आक्का जराही ओशाळल्या नाहीत. "हितेशनं फाइलीचं नाव बदलून दिलान. तुझी पॉलिसी नावच वाचते, आत डोकावत न्हाय."

मनालीला राग आला, पण तो पुरता येण्याआधीच ती सर्व्हरकडे पळाली. पॉलिसीच्या प्रोग्रामची कॉपी काढली, तिला चलनाचं नाव दिलं, क्लिक केलं. उघडलं! तिनं आधी स्वतःला मोकळं केलं, मग वर्डला. पत्र बँकेत वेळेत पोचलं.

"आता नाव बदलायची पळवाटपण बंद करू का?" तिनं परत केबिनमध्ये येऊन विचारलं.

आक्कांनी माउसवरचा हात पहिल्यांदाच उचलला. "इतकी घाई हाय का?"

जेवणाच्या सुट्टीत पत्ते सगळ्यांना खुले झाले. पुढे एका हळदीत आक्का शेजारच्या गोदामवाल्याला सांगत होत्या, "पोरगी लय हुशार. सोताला आत कोंडून घेतलान, नि सोताच भायेर आली!" मनालीला लाजावं की रागवावं कळेना. पण सोमवारी त्या गोदामवाल्यानं फोन करून आमचेही कॉम्प्युटर सांभाळशील का असं विचारलं, तेव्हा ती लगेच हो म्हणाली.