एक काठी, दोन काठ्या
पक्षकाराच्या अर्जावर कोर्टाचे तिकीट डकवताना डिंकाचा वास आला, की पुसदचे औषधांचे गोदाम आठवते. तेथे मी कारकून असताना खोक्यांवरील लेबले माझ्या सुवाच्य अक्षरात असत. ढाणकीत पटकीची साथ पसरली होती, आणि तिकडे जायचे औषधांचे खोके मी उलट दिशेच्या घाटंजीच्या मोटारीवर चढवावयास सांगितले. तांड्यावरच्या निरक्षर हमालाने ढाणकीहून आलेला मागणीचा कागद लेबलाशेजारी धरला. "बाबूजी, कागदावर पयल्या अक्षरापाशी एकच काठी हाय, तुमच्या लेबलावर दोन. काहून?" ढाणकीऐवजी मी घाटंजी लिहिले होते! "तुला कसे दिसले?" "मले वाचता येत नाही, म्हून पाह्यतो ना!" हसत त्याने ते खोके ढाणकीच्या मोटारीत ठेवले. आजही अर्ज पक्षकाराच्या हाती देण्यापूर्वी मी तो वाचतो, आणि मग नुसता पाहतो.